सुट्टीवरून परत आल्यावर साचा आपलाच असेल का?

गौरी-गणपती झाले. हायवेचे खड्डे खात चाकरमानी परतले, मीही परतलो. सोमवारी ऑफिसात पोचतो तर एचआरनं सकाळी ११ वाजताच सेशन ठेवलेलं. विषय काय, तर सुट्टीनंतर कामात पुन्हा मन कसं रमवायचं. बाहेरून एक सर बोलावले होते. कामांची यादी करा, पहिल्या दिवशी सोपं काम हातात घ्या, पाच मिनिटं डोळे मिटून शांत बसा, असं बरंच काही. वाईट नव्हतं. पण माझं लक्ष सारखं काचेबाहेर जात होतं. आमचं ऑफिस लोअर परळला, जुन्या गिरणीच्या जागेवर. माझे आजोबा याच पट्ट्यातल्या एका गिरणीत साचेखात्यात होते. तेही गावाहून असेच परत यायचे. त्यांना कुणी सेशन दिलं नाही, पण हा प्रश्न तेव्हाही होता बरं का. चांगला शंभर-सव्वाशे वर्षं जुना आहे.

तेव्हाचे गिरणीमालक कायम एकच तक्रार करायचे : आमचा कामगार अर्धा शेतकरीच आहे, गावाला गेला की वेळेवर येत नाही, आला तरी कामात मन नसतं.

मुळात सुट्टी होती किती? १८८० च्या दशकात मुंबईच्या गिरण्या दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालायच्या. आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. सणाला गिरणी बंद असली तरी यंत्रं पुसायला बोलवायचे. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. मागण्या बघा : रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, कामावर जखमी झाला तर भरपाई. दाद मिळायला सहा वर्षं गेली. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला हजारो कामगारांची सभा झाली, तिथे दोन कामगार बायकाही बोलल्या. मग १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. आपण आज जो रविवार अंथरुणात लोळून घालवतो, तो असा आलाय.

पण रविवारात कोकण होत नाही. गावाला जायचं तर महिना-दीड महिना हवा. लग्नसराई, शिमगा, पेरणीआधीची कामं. आणि खरी गोम इथे होती. माणूस गावाला गेला की त्याच्या साच्यावर दुसरा माणूस उभा राहायचा. परत आल्यावर तो साचा पुन्हा मिळेल की नाही, हे ठरवायचा जॉबर. कामावर घ्यायचं कुणाला, काढायचं कुणाला, बदलीत कुणाला उभं करायचं, सगळं त्याच्या हातात. त्यामुळे परतणाऱ्याला त्याचा हात ओला करावा लागायचा. म्हणजे माणसं जितकी जास्त गावाला जातील, तितकी जॉबरची कमाई जास्त. आजोबा सांगायचे, गावाहून येताना घरची पिशवी वेगळी आणि जॉबरची वेगळी. काजू, सुकट, कधी कोंबडासुद्धा. सणाचे चार दिवस संपत आले की त्यांच्या पोटात गोळा यायचा. आजी म्हणायची, हा माणूस गावात असतो पण साच्यापाशीच असतो.

आता सांगा, अशा माणसाचं पहिल्या दिवशी कामात मन लागत नसेल तर तो आळस म्हणायचा का?

हे इंग्रज सरकारच्या आयोगालाही कळलं होतं, याचं मला फार नवल वाटतं. १९२९ मध्ये व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली मजुरांच्या स्थितीवर रॉयल कमिशन नेमलं गेलं. त्यात आपले नारायण मल्हार जोशीही सदस्य होते. ज्यांच्या नावाच्या रस्त्यानं आम्ही रोज ऑफिसला जातो, तेच ना. म. जोशी. १९३१ च्या अहवालात कमिशननं मालकांची तक्रार जवळजवळ उलटीच केली. गावाशी असलेलं नातं हा दोष नाही, ते टिकवा. कामगाराला नियमित सुट्टी मागू द्या, आणि जाताना पक्का शब्द द्या की परत आलास की तुझं काम तुलाच मिळेल. जमलं तर सुट्टीत थोडा भत्ताही द्या. जॉबरच्या वरकमाईवरही कमिशननं नेमकं बोट ठेवलं होतं. परतणाऱ्याचं मन कामात लागावं म्हणून याहून सरळ उपाय मी तरी वाचलेला नाही.

इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी याची दुसरी बाजू दाखवली. शहरातली नोकरीच इतकी बेभरवशाची होती की गाव सोडणं परवडणारच नव्हतं. १९२८ चा संप सहा महिने चालला, तो कशाच्या जोरावर? कितीतरी कामगार गावाला जाऊन राहिले म्हणून.

पुढे १९३५ मध्ये मुंबईत बदली कामगारांना कार्डं देण्याची पद्धत आली. जॉबरची मनमानी थोडी कमी झाली, संपली नाही. पगारी रजा कायद्यात यायला १९४५ उजाडलं, तीही वर्षाला १० दिवस. १९४८ चा फॅक्टरी कायदा आणि नंतरच्या दुरुस्तीनं वर्षात २४० दिवस भरणाऱ्याला दर २० दिवसांमागे एक दिवस मिळाला. पण बदलीवाला तसाच गेटवर उभा. १९८२ च्या संपात पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करा ही मागणी होती, हे आपण विसरतो. संपाचं पुढे काय झालं ते नव्यानं सांगायला नको, आमच्या ऑफिसची बिल्डिंगच ते सांगते.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. सेशन संपवून खाली चहाला गेलो तर आमच्या मजल्यावरच्या हाऊसकीपिंगच्या मावशी सिक्युरिटी केबिनजवळ बसलेल्या. आठ दिवस गावाला गेल्या होत्या, सुपरवायझरला सांगून. बिनपगारी, ते त्यांनी धरलंच होतं. परत आल्या तर त्यांच्या जागी दुसरी बाई. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, दोन दिवसांनी बघू. २४० दिवस भरत आले की मध्ये 'ब्रेक' देण्याचा खेळ ठेकेदारीत काम केलेल्या कुणालाही माहीत असतो, हा त्यातलाच प्रकार असावा अशी मला शंका आहे. मावशींच्या मांडीवर एक पिशवी होती. विचारलं तर म्हणाल्या, आमसुलं आहेत, सुपरवायझरसाठी आणलीत.

मी वर जाऊन एचआरला विचारलं, सकाळच्या सेशनला मावशींना का नाही बोलावलं? उत्तर आलं, ते व्हेंडरकडचे लोक आहेत, आपल्या यादीत येत नाहीत.

ॲडमिनला लेखी मेल टाकलाय. रजा सांगून घेतलेल्या बाईला तिच्या जागेवर परत घेणार की नाही, एवढंच विचारलंय. मावशी उद्या सकाळी पुन्हा गेटवर येणार आहेत. उत्तर आलं की इथेच टाकतो.