जकातीच्या न्यायासनावरील पहिली स्त्री : जेनेव्हीव्ह क्लाइन

१/ २८ मे २०२५. राष्ट्राध्यक्षांनी आणीबाणीविषयक कायद्याचा आधार घेऊन जगभरच्या मालावर लादलेली आयातशुल्के न्यूयॉर्कमधील एका न्यायालयाने बेकायदा ठरवली. प्रकरण पुढे वरच्या न्यायालयांत गेले. पण ‘कोर्ट ऑफ इंटरनॅशनल ट्रेड’ हे नाव त्या दिवशी जगभर पोहोचले. त्रिसदस्य पीठावर जेन रेस्टानी या ज्येष्ठ न्यायाधीश होत्या. या न्यायासनावर स्त्री प्रथम बसली ती १९२८ मध्ये. तिची ही कथा. (थ्रेड)

२/ एकोणिसाव्या शतकात अमेरिकी संघराज्याच्या तिजोरीचा मुख्य आधार जकात हा होता. बंदरात उतरलेला माल कोणत्या वर्गात मोडतो आणि त्याची खरी किंमत किती, यावर जकात ठरे. १८८३ च्या कायद्यात भाजीवर शुल्क होते, ताज्या फळांवर नव्हते. मग टोमॅटो फळ की भाजी? वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८९३ मध्ये निर्णय झाला : वनस्पतिशास्त्र काहीही म्हणो, व्यवहारात टोमॅटो भाजीच.

३/ असे तंटे सोडवण्यासाठी १८९० मध्ये नऊ मूल्यनिर्धारकांचे एक मंडळ स्थापन झाले. एकाच राजकीय पक्षाचे पाचांहून अधिक सदस्य त्यावर असू नयेत, असा नियम होता. १९२६ मध्ये याच मंडळाचे नामकरण ‘युनायटेड स्टेट्स कस्टम्स कोर्ट’ असे झाले. काम किचकट, कायदा रूक्ष, प्रसिद्धी जवळजवळ शून्य.

४/ जेनेव्हीव्ह क्लाइन यांचा जन्म ओहायो राज्यातील वॉरन या गावचा. क्लीव्हलंडच्या महिला मंडळांच्या चळवळीत त्यांचे सार्वजनिक जीवन घडले. १९२० मध्ये अमेरिकी स्त्रियांच्या मताधिकाराला राज्यघटनेचे संरक्षण मिळाले. पुढच्याच वर्षी, वयाची चाळिशी ओलांडलेली असताना, क्लाइन यांनी कायद्याची पदवी मिळवली.

५/ १९२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी त्यांना क्लीव्हलंड बंदरावर मालाच्या मूल्यनिर्धारक म्हणून नेमले. व्यापारी कागदावर लिहितो ती किंमत खरी की शुल्क वाचवण्यासाठी घटवलेली, हे पारखणे हे त्या पदाचे काम. सहा वर्षे त्यांनी ते केले. जकातीचा कायदा त्यांना ग्रंथांतून तर ठाऊक होताच, पण गोदीत उतरलेल्या मालावरूनही ठाऊक होता.

६/ मे १९२८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी कस्टम्स कोर्टासाठी त्यांचे नाव सुचवले. सिनेटमध्ये विरोध झाला. न्यायदानाचा पूर्वानुभव नाही, हा एक आक्षेप. त्या स्त्री आहेत, हा दुसरा. महिला वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेने त्यांची बाजू लावून धरली. २५ मे रोजी नियुक्तीवर मोहोर उमटली. संघराज्याच्या न्यायासनावर बसलेली पहिली स्त्री म्हणून त्यांची नोंद होते.

७/ दोनच वर्षांनी, १९३० मध्ये, स्मूट-हॉली कायदा आला. हजारहून अधिक अर्थशास्त्रज्ञांचा विरोध डावलून शेकडो वस्तूंवरील शुल्क वाढवण्यात आले. शुल्क जितके जड, तितका वर्गीकरणाचा वाद मोलाचा. अधिकाऱ्याने लावलेले शुल्क अमान्य असलेला आयातदार दाद मागे, ती याच न्यायालयात. क्लाइन तेथे १९५३ पर्यंत, म्हणजे जवळपास २५ वर्षे होत्या.

८/ मग ‘पहिली स्त्री न्यायाधीश’ म्हणून अनेकदा फ्लॉरेन्स ॲलन यांचेच नाव का पुढे येते? ॲलनही ओहायोच्याच. १९३४ मध्ये रूझवेल्ट यांनी त्यांना संघीय अपील न्यायालयावर नेमले. ते न्यायालय राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाखालचे होते. कस्टम्स कोर्ट काँग्रेसने साध्या कायद्याने निर्मिलेले. त्याला तो दर्जा नव्हता. १९५६ मध्ये काँग्रेसने तो दिला. क्लाइन तीन वर्षांपूर्वीच निवृत्त झाल्या होत्या. दोन्ही नोंदी आपापल्या व्याख्येनुसार खऱ्याच आहेत.

९/ या न्यायालयाने आणखी एक दार उघडले. १९४५ मध्ये ट्रूमन यांनी येथे अर्विन मॉलिसन यांना नेमले. हे कृष्णवर्णीय वकील क्लाइन यांचे सहकारी झाले. अपील न्यायालयात पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती पोहोचली ती त्यानंतर काही वर्षांनी. यातून एक निष्कर्ष संभवतो : ज्या आसनाला प्रतिष्ठा कमी, तेथे नव्यांना प्रवेश देणे सत्ताधाऱ्यांना सोपे जाते, आणि पुढे त्याच कमी प्रतिष्ठेमुळे त्या प्रवेशाची आठवणही फिकी पडते.

१०/ क्लाइन १९५९ मध्ये निवर्तल्या. १९८० मध्ये काँग्रेसने न्यायालयाचे अधिकार वाढवून त्याला आजचे नाव दिले. २०२५ च्या पीठावरील तीन न्यायाधीश रेगन, ओबामा आणि ट्रम्प या तीन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले होते. निर्णय मात्र एकमताने झाला. नऊ न्यायाधीश आणि एका पक्षाचे जास्तीत जास्त पाच, हा १८९० चा नियम तेथे आजही लागू आहे.