समुद्रपक्षी पाहण्याच्या नावा: एका कायद्याची पूर्वपीठिका

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, यॉर्कशायरमध्ये, फ्लॅम्बरो व बेम्प्टन येथील खडूचे पांढरे कडे थेट समुद्रात उतरतात. त्यांच्या अरुंद कपारींवर दर उन्हाळ्यात लाखो समुद्रपक्षी वीण घालतात. ते पाहण्यासाठी आज शेजारच्या ब्रिडलिंग्टन बंदरातून पर्यटकांच्या बोटी सुटतात. एकोणिसाव्या शतकातही सुटत. मात्र तेव्हा प्रवाशांच्या हाती दुर्बीण नव्हे, बंदूक असे.

१८४६ मध्ये ब्रिडलिंग्टनला रेल्वे आली आणि शहरी हौशी शिकाऱ्यांना हा किनारा जवळचा झाला. नाव भाड्याने घ्यायची, कड्याखाली न्यायची आणि बार उडवायचे. पक्ष्यांची दाटी एवढी, की नेमबाजीचे कौशल्यही लागत नसे. किटिवेक या लहानशा कुरव पक्ष्याचे पंख स्त्रियांच्या टोप्यांसाठी विकले जात; बाकीची हत्या निव्वळ करमणूक होती. त्यात हंगाम नेमका विणीचा. गिलेमॉट एका वेळी एकच अंडे घालतो. आईबाप मारले गेले, की कपारीतले पिल्लू उपासमारीने मरे.

१८६८ मध्ये केंब्रिजचे प्राणिशास्त्रज्ञ आल्फ्रेड न्यूटन यांनी ब्रिटिश असोसिएशनच्या नॉर्विच अधिवेशनात या संहारावर कठोर टीका केली. ग्रेट ऑक या पक्ष्याच्या अंताचा त्यांचा अभ्यास होता. त्याची शेवटची ज्ञात जोडी १८४४ मध्ये आइसलंडजवळ मारली गेली होती. ब्रिडलिंग्टनचे धर्मगुरू हेन्री बार्न्स-लॉरेन्स यांनी स्थानिकांना संघटित केले, तर ख्रिस्तोफर साइक्स यांनी संसदेत विधेयक मांडले.

समर्थकांनी केवळ भूतदयेवर विसंबून न राहण्याचा धोरणीपणा दाखवला. दाट धुक्यात कडा दिसेनासा झाला, की पक्ष्यांचा कलकलाटच खलाशांना सावध करी. म्हणून त्यांना ‘फ्लॅम्बरोचे वाटाडे’ म्हणत. मासळी कोठे आहे, हेही कोळ्यांना त्यांच्या थव्यांवरून कळे. जहाजे आणि जाळी यांचा हा हिशेब सभागृहाला पटण्याजोगा होता.

१८६९ च्या ‘सी बर्ड्स प्रिझर्व्हेशन अ‍ॅक्ट’ने १ एप्रिल ते १ ऑगस्ट या काळात समुद्रपक्ष्यांची हत्या बेकायदा ठरवली. पक्षी हेच ज्यांचे अन्न होते, त्या सेंट किल्डा बेटाला सूट मिळाली. ती न्याय्यच म्हणावी लागेल. अंड्यांना मात्र या कायद्याने हात लावला नाही. बेम्प्टनचे ‘क्लिमर’ पुढेही पिढ्यान्‌पिढ्या दोराला लोंबकळून कपारीतली अंडी गोळा करीत राहिले. त्यांचा धंदा थांबला तो १९५४ च्या कायद्याने.