सिंटिलेशन स्फटिकांचे एक्स्ट्रूजन

तापवलेला, पण न वितळलेला सिंटिलेशन (किरणोत्सर्ग पडताच चमकणारा) स्फटिक प्रचंड दाबाने साच्याच्या छिद्रातून रेटून त्याला दांडा, पट्टी किंवा तंतूचा आकार देण्याची पद्धत. तत्त्व सोऱ्याचेच, मात्र येथे स्फटिकाचे थर एकमेकांवरून घसरतात. उदाहरणार्थ, सोडियम आयोडाइड ६६१° से.ला वितळते. थंड असताना ते घणाच्या घावाने ठरावीक प्रतलांवर चिरफाळते, तर तापवल्यावर घसरणीच्या आणखी दिशा खुल्या होऊन न तडकता आकार घेते.

एकसंध स्फटिक रेटल्यावर त्याचे असंख्य कण होतात. मग कणसीमांवर प्रकाश विखुरणार नाही का, हा आक्षेप रास्त वाटतो. पण सोडियम आयोडाइडसारख्या घनीय स्फटिकाचा अपवर्तनांक सर्व दिशांना सारखाच असल्याने, पोकळ्या व अशुद्धी टाळल्या तर सीमा प्रकाशाला जवळपास जाणवत नाहीत. रेटून काढलेले सिल्व्हर हॅलाइडचे बहुस्फटिकी तंतू कार्बन डायऑक्साइड लेसरचे अवरक्त किरण वाहून नेतात, हा त्याचा ठोस पुरावा. शिवाय कणसीमा चिरेला अडवतात, त्यामुळे माल दणकट होतो. षट्कोनी लँथॅनम ब्रोमाइडला मात्र सारख्या अपवर्तनांकाची ही सवलत नाही.

घनीय असणेही पुरेसे नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात थॅलियमयुक्त सीझियम आयोडाइड आणि सेरियमयुक्त गॅडोलिनियम गार्नेट हे दोन्ही स्फटिक वाढवले गेले आहेत. पहिला मऊ, म्हणून रेटण्याजोगा. दुसरा घनीय असूनही इतका कठीण की तो कापून-घासूनच घडवावा लागतो. शुद्ध स्फटिक वाढवण्याची मेहनत मात्र एक्स्ट्रूजनने वाचत नाही. वाचते ती कापणीतली नासाडी.