जनुकीय आजार, अरुंद धमनी आणि मुलांचा उच्च रक्तदाब

मूत्रपिंडाला रक्त पुरवणारी धमनी अरुंद झाली की सगळ्या शरीराचा रक्तदाब वाढतो. डॉक्टर याला रेनोव्हॅस्क्युलर हायपरटेन्शन म्हणतात. उतारवयात याचे नेहमीचे कारण म्हणजे धमनीत साचलेली चरबी. लहान मुलांमध्ये मात्र बहुधा धमनीची भिंतच मुळात वेगळी घडलेली असते, आणि त्यामागे काही वेळा एखादा दुर्मीळ जनुकीय आजार असतो. न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १ (थोडक्यात एनएफ-१) आणि विल्यम्स सिंड्रोम ही त्यातली दोन प्रमुख नावे.

एनएफ-१ साधारण ३,००० जन्मांमागे एका बाळात आढळतो. १७व्या गुणसूत्रावरील एका जनुकात बिघाड असतो. अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग, काखेत बारीक ठिपके आणि मोठेपणी त्वचेवर मऊ गाठी ही त्याची ओळख. जवळपास निम्म्या मुलांच्या आईवडिलांना हा आजार नसतो. बिघाड त्या मुलातच नव्याने झालेला असतो. विल्यम्स सिंड्रोममध्ये ७व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला असतो. त्याबरोबर धमन्यांना लवचीकपणा देणाऱ्या इलास्टिनचे जनुकही जाते. ही मुले बोलकी, माणसांत रमणारी असतात, पण त्यांच्या मोठ्या धमन्या जाड आणि अरुंद असू शकतात.

घरच्यांना डाग दिसतात, रक्तदाब दिसत नाही. खरी अडचण इथेच आहे. अनेक मुलांना काहीच त्रास होत नाही. काहींचे डोके दुखते, नाकातून रक्त येते, वजन वाढत नाही. काहींच्या बाबतीत पहिले लक्षण थेट झटका येणे हेच ठरते. म्हणून या दोन्ही आजारांत दरवर्षी, आणि प्रत्येक तपासणीच्या वेळी, रक्तदाब मोजायला हवा. तो दंडाच्या मापाच्या पट्ट्यानेच मोजावा, कारण पट्टा लहान असेल तर आकडा खोटा वाढलेला येतो. मुलांमध्ये १२०/८० हा सरसकट मापदंड चालत नाही. १३ वर्षांखालील मुलांचा आकडा वय, लिंग आणि उंचीनुसार केलेल्या तक्त्याशी ताडून पाहतात. निदान तीन वेळा तो ९५व्या शततमकावर किंवा त्याहून वर आला, तर उच्च रक्तदाब मानतात. हातांबरोबर पायांतलाही दाब मोजतात. पायांतला कमी भरला तर पोटातली महाधमनीही अरुंद असल्याची शंका येते.

मूत्रपिंडाची गैरसमजूत

१९३४ मध्ये अमेरिकेतील हॅरी गोल्डब्लॅट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाची धमनी चिमट्याने थोडी आवळून दाखवले की एवढ्यानेही रक्तदाब कायमचा वाढतो. अरुंद धमनीतून रक्त कमी दाबाने पोहोचते. मूत्रपिंडाला वाटते, सगळ्या शरीराचाच दाब घसरला. ते रेनिन सोडते. त्यातून तयार होणारे अँजिओटेन्सिन रक्तवाहिन्या आवळते आणि शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते.

मग अँजिओटेन्सिनच अडवणारे औषध द्यावे, हे ओघाने सुचते. एनालाप्रिल, लोसार्टन ही औषधे तेच करतात आणि रक्तदाब चांगला उतरवतात. पण नेमका सापळा त्यातच आहे. मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्यांमधून बाहेर जाणारी नळी अँजिओटेन्सिन आवळून धरते, म्हणून रक्त कमी दाबाने आले तरी गाळण्याचे काम चालू राहते. पाण्याला जोर नसला की पाइपचे तोंड अंगठ्याने दाबून धार टिकवतात, तसेच काहीसे. औषधाने ती पकड सुटते. दोन्ही बाजूंच्या धमन्या अरुंद असतील, किंवा मूत्रपिंड एकच असेल, तर त्याचे काम झपाट्याने ढासळू शकते. एनएफ-१ मध्ये दोन्ही बाजू बाधित असणे काही नवलाचे नाही.

त्यामुळे सुरुवात बहुधा अम्लोडिपिनसारख्या औषधाने होते आणि गरजेनुसार दुसरे, तिसरे जोडले जाते. अँजिओटेन्सिनविरोधी औषध द्यायचेच ठरले, तर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासतात. एकच बाजू अरुंद असेल, तर निरोगी मूत्रपिंड दुसऱ्याची उणीव भरून काढते आणि क्रिएटिनिन नॉर्मल दिसत राहते; म्हणून दोन्हींचे काम वेगवेगळे दाखवणारा डीएमएसए स्कॅनही लागतो. उलट्या-जुलाबात शरीरातले पाणी कमी झाले असेल, तर हे औषध थांबवायचे का, हे डॉक्टरांना लगेच विचारावे. गर्भाला ते घातक असल्याने वयात आलेल्या मुलींना तशी कल्पना दिलेली असावी. रक्तदाब फार चढून मूल दवाखान्यात आले, तर तो एकदम खाली आणत नाहीत. पहिल्या आठ तासांत ठरवलेल्या घटीच्या फार तर पाव हिस्सा. घाई केली तर मेंदूचा रक्तपुरवठाच तुटू शकतो.

एनएफ-१ मध्ये आणखी एक शक्यता तपासावी लागते. अ‍ॅड्रिनल ग्रंथीवरील फिओक्रोमोसायटोमा ही गाठही रक्तदाब वाढवते. ती मुलांपेक्षा मोठ्यांत जास्त आढळते, पण ती असताना नुसते बीटा ब्लॉकर दिल्यास दाब आणखी भडकू शकतो.

फुगा, आणि त्याच्या मर्यादा

सोनोग्राफी डॉपलर नॉर्मल आली म्हणजे धमनी ठीक, असे नाही. सीटी आणि एमआर अँजिओग्राफीलाही बारीक फांद्यांतले अरुंदपण निसटते. खात्रीची तपासणी म्हणजे कॅथेटर घालून केलेली अँजिओग्राफी. त्याच वेळी फुग्याने धमनी रुंदही करता येते.

फायब्रोमस्क्युलर डिसप्लेसिया या आजारात फुगा बहुधा चांगला लागू पडतो. एनएफ-१ आणि विल्यम्समध्ये भिंत चिवट असल्याने धमनी पुरेशी उघडत नाही, किंवा उघडून पुन्हा आवळते. फुगवणे परत करावे लागू शकते, हे कुटुंबाला आधीच सांगितलेले बरे. स्टेंट शक्यतो टाळतात: मूल वाढते, स्टेंट वाढत नाही. फुगा पुरला नाही तर बायपास किंवा स्वतःचेच मूत्रपिंड दुसरीकडे जोडणे हे शस्त्रक्रियेचे पर्याय. मूत्रपिंड जवळजवळ निकामी झाले असेल, तर ते काढूनही रक्तदाब उतरू शकतो. विल्यम्सच्या मुलांना भूल देण्यात हृदयाचा गंभीर धोका असतो. साध्या स्कॅनसाठी झोपवायचे असले तरी आधी हृदयरोगतज्ज्ञांची तपासणी हवी.

भारतात अशा अरुंद धमन्यांमागे टाकायासू आर्टेरायटिस हे मोठे कारण आहे. तो जनुकीय आजार नव्हे, धमन्यांचा दाह आहे. त्यात आधी स्टेरॉइडसारख्या औषधांनी दाह शमवावा लागतो. अंगावरचे डाग नीट पाहणे आणि ते कधीपासून आहेत हे विचारणे इथे फार उपयोगी पडते. वयात येण्यापूर्वी ५ मिलिमीटरहून मोठे सहा किंवा अधिक डाग असतील, तर एनएफ-१ ची तपासणी करावी, आणि त्याच भेटीत दंडाला पट्टा बांधावा.