गिरणगावाच्या अंगणातली गोळी

साठी उलटली, नावं चटकन आठवेनाशी झाली, की शिवडी-लालबागच्या चाळींत आणि त्यांच्या जागी उठलेल्या टॉवरांत एकच सल्ला मिळतो: रोज एक मल्टिव्हिटॅमिन घ्या. कुणी तिला बी-कॉम्प्लेक्स म्हणतं, कुणी ताकदीची गोळी. ही गोळी परदेशी कंपन्यांची देणगी, असा आपला समज असतो. पण तिच्यातल्या फॉलिक अॅसिडचं कूळ शोधत गेलं तर पावलं शिवडीच्या शेजारी, परळच्या हाफकिन संस्थेत येऊन थांबतात. गोळी कुणी घ्यावी आणि कशासाठी, या आजच्या वादाचा निवाडा करायला ही कुळकथा चांगलीच उपयोगी पडते.

1928 साली लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत, याच हाफकिन संस्थेत आल्या. बाळंतपणात बायका का दगावतात, याची चौकशी तेव्हा चालू होती आणि गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांमधला एक जीवघेणा अॅनिमिया डॉक्टरांना कोड्यात टाकत होता. या बायकांच्या रक्तात तांबड्या पेशी थोड्या, पण ज्या होत्या त्या फुगून मोठ्या झालेल्या. विल्स यांनी आधी जंतू शोधले, ते सापडले नाहीत. मग त्यांनी ताटाकडे मोर्चा वळवला. सगळ्यांत गरीब घरांतल्या बायकांच्या जेवणात भाजी, फळं आणि प्रथिनं जवळजवळ नव्हती. तसंच अन्न उंदरांना घातलं, पुढे माकडांना घातलं आणि त्यांनाही अॅनिमिया झाला. मग माकडाला दिलं मार्माइट, म्हणजे बिअरच्या कारखान्यात उरणाऱ्या यीस्टचा काळपट, खारट, चिकट अर्क. माकड सुधारलं. आजारी बायकांना तोच अर्क दिला, तेव्हा थोड्याच दिवसांत त्यांची भूक परतली आणि रक्त भरू लागलं. 1931 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे छापून आलं. अर्कातल्या त्या अनामिक द्रव्याला पुढे बरीच वर्षं ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. तेच फॉलिक अॅसिड. 1941 मध्ये अमेरिकेत टनावारी पालकातून ते वेगळं काढलं गेलं आणि 1945 मध्ये लेडर्ले कंपनीत आपल्याच येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने ते प्रयोगशाळेत तयार केलं.

या शोधाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी विशिष्ट बाई, मग तिची विशिष्ट उणीव, शेवटी औषध. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयाला हाच क्रम पाठ आहे. आयसोनियाझिड हे क्षयावरचं औषध शरीरातलं बी-6 खर्ची घालतं आणि हातापायांना मुंग्या येऊ लागतात, म्हणून त्याच्या जोडीला बी-6 दिलं जातं. नेमकी तूट, नेमकी भरपाई. मल्टिव्हिटॅमिनने हा क्रम मोडला. उणीव कोणती हे न विचारता सगळंच थोडं थोडं एका गोळीत घालून ती सगळ्यांना दिली.

तरीही म्हाताऱ्यांना तिचा फायदा होतो असं दिसलं तर तक्रार कशाला, असं कुणी विचारेल. आक्षेप बिनतोड वाटतो, कारण पुरावा आहे. अमेरिकेतल्या ‘कॉसमॉस’ चाचणीत एका गटाला रोज मल्टिव्हिटॅमिन आणि दुसऱ्याला हुबेहूब दिसणारी खोटी गोळी दिली. 2022 ते 2024 दरम्यान तिच्या तीन उपअभ्यासांचे निष्कर्ष आले. 2,262 जणांच्या पहिल्या अभ्यासात तीन वर्षांनी आणि 3,562 जणांच्या दुसऱ्यात एकाच वर्षाने स्मरणशक्तीत थोडी सुधारणा दिसली. तिन्ही एकत्र करून संशोधकांनी मांडलं की बुद्धीचं म्हातारपण सुमारे दोन वर्षांनी लांबावं इतका हा फरक आहे. हे झटकून टाकण्यासारखं नाही. पण हा फरक चाचणीतल्या गुणांचा आहे, डिमेन्शिया टळला असं त्यात सिद्ध झालेलं नाही. शिवाय आधीच्या एका अभ्यासात 65 वर्षांवरच्या 5,947 डॉक्टरांना सुमारे बारा वर्षं मल्टिव्हिटॅमिन देऊनही बुद्धीत काडीचा फरक आढळला नव्हता. दोन्हीकडची माणसं बहुतेक गोरी, शिकलेली आणि पोटभर जेवणारी. त्यांचा निकाल आपल्या आजीआजोबांना जसाच्या तसा लावता येत नाही.

आपल्याकडची तूट वेगळी आहे आणि ती मोजलेली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 441 पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा 67 टक्क्यांमध्ये बी-12 कमी निघालं, शहरी मध्यमवर्गात तर 81 टक्क्यांमध्ये. बी-12 दूध, अंडी, मासे, मांस यांतच मिळतं. वय वाढलं की पोटातलं आम्ल घटतं आणि अन्नातून ते सुटं होत नाही. मधुमेहावरचं मेटफॉर्मिनही त्याचं शोषण कमी करतं. आणि बी-12 च्या अभावाने विसराळूपणा येऊ शकतो, तोल जाऊ शकतो. म्हणजे गोळी घ्यायला आपल्याकडे अमेरिकेहून जास्त कारण आहे, हे मान्य करायला हवं. गोळीतलं बी-12 सुटंच असल्याने म्हाताऱ्या पोटालाही ते पचतं, हेही खरं.

पण ‘नुकसान तर नाही ना’ हा शेवटचा युक्तिवाद टिकत नाही आणि त्याचं कारण त्या विल्स फॅक्टरमध्येच आहे. 1945 नंतर बी-12 ची कमतरता असलेल्या रुग्णांना नुसतं फॉलिक अॅसिड देऊन पाहिलं, तेव्हा रक्त सुधारलं आणि मज्जातंतूंची खराबी मात्र होत राहिली. ती तूट भरून काढणारं बी-12 हाती लागलं ते 1948 मध्ये. म्हणून भरपूर फॉलिक अॅसिड आणि नावापुरतं बी-12 असलेली गोळी रक्ताचा अहवाल चांगला दाखवून खरी तूट झाकू शकते. शाकाहारी असाल, साठीपुढचे असाल किंवा वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू असेल, तर केमिस्टकडून पाकीट आणण्याआधी डॉक्टरांना विचारून बी-12 ची रक्ततपासणी करून घ्या.