काकवी, सुंठ आणि नाताळची मऊ बिस्किटे

इंग्रजी पाकपुस्तकांत नाताळच्या पदार्थांमध्ये ‘मोलॅसिस कुकीज’ हमखास आढळतात. सुंठ, दालचिनी व लवंग घातलेली, रंगाने काळसर आणि मध्यभागी मऊ राहणारी ही बिस्किटे. मराठी गृहिणी मात्र ‘मोलॅसिस’ या शब्दापाशीच अडखळते. शब्दकोश ‘मळी’ असा अर्थ देतो. पण मळी म्हणजे कारखान्यात रसातील साखर काढून घेतल्यावर उरणारा दाट काळा द्रव. तो मद्यार्काच्या भट्टीकडे जातो, नाहीतर गुरांच्या खाद्यात. आपल्या स्वयंपाकघरात शोभते ती काकवी. गुऱ्हाळाच्या कढईत रसाचा गूळ होण्याच्या थोडे आधी उतरवलेला हा पाक असतो. त्यातून साखर काढलेली नसते. हा भेद केवळ शब्दकोशातला नव्हे.

युरोपात मसाल्याची बिस्किटे प्रथम मधात होत. न्यूरेंबर्गची ‘लेबकुखेन’ मध्ययुगापासून प्रसिद्ध आहेत. आले मात्र पूर्वेकडून जाई. ‘जिंजर’ हा शब्दच मुळी आपल्या ‘शृंगवेरा’चा दूरचा वंशज, जशी ‘शुगर’ ही शर्करेची लेक. ऊसही पूर्वेचाच. १४९३ च्या दुसऱ्या सफरीत कोलंबसाने तो कॅरिबियन बेटांवर नेला आणि पुढे तेथील मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेल्या लक्षावधी गुलामांनी तो कापला, गाळला, आटवला. साखर युरोपातील श्रीमंतांच्या मेजावर गेली. उरलेली मळी स्वस्त म्हणून उत्तर अमेरिकेतील वसाहतींत उतरली. तेथे तिची रम होई, आणि ती रम देऊन आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पुन्हा माणसे विकत घेतली जात. १७३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने परकीय बेटांवरील मळीवर गॅलनमागे सहा पेन्स जकात बसवली, इतका हा व्यापार मोठा होता. ज्यांना साखर परवडत नसे अशा घरांतील स्त्रिया याच मळीने नाताळची बिस्किटे गोड करीत. त्या गोडीची किंमत कोणी मोजली, हे सांगणारे पाकपुस्तक अजून माझ्या पाहण्यात नाही.

आता मार्कंड्याकडे वळू. वैनगंगा जेथे उत्तरवाहिनी होते, त्या वळणावरचे हे प्राचीन मंदिरांचे गाव पूर्वी चांदा जिल्ह्यात होते. १९८२ पासून ते गडचिरोलीत आहे. हा मुलूख भाताचा आणि रानाचा, उसाचा नव्हे. येथली जुनी गोडी मोहाची. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी फुले वेचून, वाळवून वर्षभर पुरवायची आणि हवी तेव्हा भिजवून, शिजवून त्यांचा पाक करायचा. तरीही सरकारदरबारी मोह ओळखला गेला तो दारूसाठीच. मुंबई इलाख्याने १८९२ साली मोहाच्या फुलांवर स्वतंत्र कायदाच केला. त्याचा रोख ठाणे व कुलाबा जिल्ह्यांवर होता, आणि वसई तेव्हा ठाण्यातच होती. मळीचे पिंप कारखान्याचे म्हणून प्रतिष्ठित, आदिवासी बाईची टोपली मात्र संशयित! अन्न आणि मद्य यांतील सीमारेषा महसुलाच्या सोयीने आखली गेली, असेच म्हणावे लागते.

बिस्किटाच्या दृष्टीने काकवी आणि मोहाचा पाक सख्खे शेजारी आहेत. दोहोंत ग्लुकोज व फ्रुक्टोज असते. ते हवेतील ओल धरून ठेवते, म्हणून बिस्किट दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. काकवीत थोडी आम्लताही असते. तिच्याशी खाण्याचा सोडा भिडला की वायू सुटून पीठ फुगते. मोहाचा पाक वापरल्यास चमचाभर दही घालावे. चांदा मिशन १९६२ साली केरळच्या सी.एम.आय. धर्मसंघाकडे आले, त्या केरळची सुंठ येथे उत्तम.

पाव किलो मैद्याला सव्वाशे ग्रॅम लोणी, तेवढाच किसलेला गूळ, सहा मोठे चमचे काकवी, एक लहान चमचा सोडा, दोन लहान चमचे सुंठ, एक दालचिनीपूड, चिमूटभर लवंग व मीठ. पीठ तासभर थंड जागी ठेवावे. भट्टी नसल्यास जाड पातेल्यात मीठ पसरून, झाकण घालून ते चांगले तापवावे आणि आत तिवईवर थाळी ठेवावी. दहा-बारा मिनिटांत कडा घट्ट होतात. मधला भाग कच्चा वाटत असतानाच थाळी बाहेर काढावी. तो निवताना आपोआप बसतो.