जुनी गाडी परत आली, म्हणजे नेमकं काय परत आलं?

संशोधनाचा आराखडा लिहिताना 'वारसा', 'सातत्य', 'पुनरुज्जीवन' हे शब्द आपण सहज लिहून जातो. मार्गदर्शक विचारतात, "म्हणजे तुम्ही तपासणार काय?" आणि गाडी तिथेच अडते. म्हणून आज दोन छोट्या गाड्यांचाच इतिहास बघू.

पहिली इटलीची फियाट ५००. दान्ते जाकोसा यांनी घडवलेली ही गाडी ४ जुलै १९५७ ला आली. लांबी जेमतेम तीन मीटर. दोन सिलिंडरचं, हवेने थंड होणारं ४७९ सीसीचं इंजिन मागे. १९७५ साली उत्पादन थांबलं. पुढे ४ जुलै २००७ ला, बरोबर पन्नास वर्षांनी, नवी ५०० आली. नाव तेच, गोल दिवे आणि गोलसर पाठ तीच. पण इंजिन पुढे गेलं, पाण्याने थंड व्हायला लागलं, लांबी साडेतीन मीटरवर गेली आणि आतला पाया फियाट पांडाचा होता.

दुसरी आपल्या मुंबईची. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात फियाट ११०० बनवली. तीच साठच्या दशकात 'डिलाइट' झाली, पुढे 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. परवाना राजमध्ये नवं मॉडेल आणणं अवघड होतं, त्यामुळे नावं बदलली तरी मूळ साचा आणि १०८९ सीसीचं इंजिन बराच काळ टिकलं. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतूनही गेली. आमच्या रिठदकडचे (ता. रिसोड, जि. वाशिम) जुने लोक मात्र पद्मिनीला अजून 'फियाट'च म्हणतात.

आता सांगा, वारसा कुणी जपला? ५०० मध्ये नाव आणि रूप टिकलं, यंत्र बदललं. पद्मिनीत यंत्र टिकलं, नाव बदललं. नाव, रूप, यंत्र आणि लोकांची आठवण, हे चार वेगळे निकष आहेत. निकष बदलला की उत्तर उलटतं.

तुमचा विषय बोलीचा असो, बियाण्याचा असो की एखाद्या जुन्या संस्थेचा, 'टिकलं' किंवा 'परत आलं' असं लिहायच्या आधी निकष ठरवा आणि पहिल्याच प्रकरणात लिहून टाका. माहिती गोळा झाल्यावर निकष निवडला, तर हवं ते उत्तर काढता येतं. आणि तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येतो.